फॉरमॅट करण्यापूर्वी जरा थांबा!

माळ्यावरच्या खोक्यात अजूनही फ्लॉप्या सापडतात. आजोबांचे अर्धे राहिलेले आत्मचरित्र, मंडळाच्या वर्गणीदारांची यादी, दुकानाचा हिशेब. सारे डॉसच्या जमान्यातले. कुणी हौसेने जुना संगणक सुरू करतो, फ्लॉपी घालतो आणि पडद्यावर ‘जनरल फेल्युअर’ उमटते. लगेच शेजारचा जाणकार सांगतो, “फॉरमॅट मारून बघा!”

हा सल्ला मुळीच ऐकू नका. फॉरमॅट म्हणजे वहीवर नव्याने रेघा आखणे. डॉसच्या जुन्या आवृत्त्यांत फ्लॉपीवर रेघा आखताना आधीचा मजकूर पुसलाच जाई. १९९१ साली आलेल्या डॉस ५ पासून साधा फॉरमॅट मजकूर राखू लागला आणि ‘अनफॉरमॅट’ने तो परत मिळू लागला. मात्र आज्ञेपुढे ‘/यू’ लावले की तीही वाट बंद!

आधी फ्लॉपीला कुलूप घाला. साडेतीन इंचीची कोपऱ्यातली खिडकी उघडी ठेवायची. सव्वापाच इंचीची खाच मात्र चिकटपट्टीने बुजवायची. दोन्हींची रीत नेमकी उलटी, म्हणून इथे फसगत होते.

पुष्कळदा फ्लॉपी बिघडलेली नसतेच, जोडी जुळत नसते. ३६० केबीच्या फ्लॉपीवर ४० पट्टे असतात, तर १.२ एमबीचा ड्राइव्ह ८० पट्ट्यांचा, बारीक टाकाचा. त्याने जुन्या फ्लॉपीवर लिहिले की कडेला जुन्या अक्षरांचे अवशेष उरतात आणि ३६०चा ड्राइव्ह गोंधळतो. ७२० केबीच्या फ्लॉपीला भोक पाडून ती १.४४ची करण्याची काटकसरही तेव्हा फार चाले. त्या फ्लॉप्या आज हमखास रडवतात.

‘बॅड सेक्टर’ दिसले तरी घाबरू नये. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ व्हायरस चांगलीच जागा खराब म्हणून नोंदवून तिथे लपत असे.

वाचता आले की पहिले काम, संपूर्ण फ्लॉपीची नक्कल. दुरुस्तीचे प्रयोग त्या नकलेवरच करावेत.

मराठी फाईल उघडल्यावर नुसती चित्रविचित्र चिन्हे दिसली, तर ती खराब झाली असे समजून फेकू नका. पुण्याच्या सी-डॅकच्या ‘जिस्ट’वर टाइप केलेला मजकूर इस्की या संकेतात असे, आजचे संगणक युनिकोड वाचतात. रूपांतर केले की आजोबांचे शब्द पुन्हा देवनागरीत उभे राहतात.