पूल किती उंच? जहाजाला विचारा!

अमेरिकेत टेक्सासच्या दक्षिण किनाऱ्यावर कॉर्पस क्रिस्टी नावाचे बंदर आहे. तिथला नवा हार्बर ब्रिज जून 2025 च्या अखेरीस वाहतुकीला खुला झाला. दोन मनोरे, प्रत्येकी 164 मीटर उंच, आणि त्यांच्यामध्ये 506 मीटरचा एकसंध गाळा. हा केबल-स्टेड, म्हणजे तिरक्या केबलांनी मनोऱ्यांना टांगलेला पूल. अशा पुलाचा एवढा लांब गाळा संपूर्णपणे अमेरिकेच्या हद्दीत दुसरा नाही. आपल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूचा सर्वांत मोठा गाळा 250 मीटरचा आहे, म्हणजे हा त्याच्या दुप्पट. साहजिकच बातम्यांत हेच आकडे झळकले. बंदराला मात्र यापेक्षा वेगळ्या आकड्याशी कर्तव्य होते: 62. पाण्यापासून पुलाच्या पोटापर्यंत 62 मीटर मोकळी जागा. जुन्या पुलाखाली ती 42 मीटर होती. हा वीस मीटरचा फरक मिळवायला नऊ वर्षे लागली आणि एक अब्ज डॉलरहून अधिक खर्च आला.

जहाजे आणि पूल यांची ही मारामारी जुनी आहे. सप्टेंबर 1919 मधल्या चक्रीवादळाने कॉर्पस क्रिस्टीची धूळधाण उडवली. त्यातून सावरताना शहराने खोल पाण्याच्या बंदराचा ध्यास घेतला आणि वादळाला बरोबर सात वर्षे झाली त्या दिवशी, 14 सप्टेंबर 1926 ला, बंदराचे उद्‌घाटन केले. जहाजांसाठी खोदलेल्या वाटेने शहर आणि पलीकडचा नॉर्थ बीच यांच्यात पाणी आणले. त्यावर पहिला पूल आला तो उघडझाप करणारा, बॅस्क्युल पद्धतीचा.

या पुलाची युक्ती पाहण्यासारखी असते. कोकणातल्या विहिरीवरच्या ओकतीला मागच्या टोकाला धोंडा बांधलेला असतो, तसे पुलाच्या मागच्या टोकाला काँक्रीटचे अवजड वजन असते. पुढचा पोलादी सांगाडा आणि मागचे वजन यांचा तोल जवळपास साधलेला असल्याने मोटरला शेकडो टन उचलावे लागत नाहीत. घर्षण आणि वारा यांच्यावर मात केली की झाले, पूल उभा राहतो. वरच्या बाजूला उंचीची मर्यादाच नाही, जहाज हवे तेवढे उंच असू द्या. अडचण दोन ठिकाणी होती. जहाजाला जायची फट जेमतेम 30 मीटर रुंद होती. आणि त्याच पुलावरून मोटारीही जात, आगगाड्याही. प्रत्येक जहाजासाठी दोन्हींना थांबवायचे. बंदर भरभराटीला आले तशी शहराची कोंडी वाढत गेली.

1959 मध्ये यावर कायमचा तोडगा निघाला, निदान तेव्हा तसे वाटले. 189 मीटरचा गाळा असलेला, कमानीसारख्या आकाराचा पोलादी पूल इतक्या उंचावर बांधला की खालून जहाज गेले तरी वर कोणाला ब्रेक दाबायला नको. त्या काळच्या जहाजांना 42 मीटर पुरून उरत होते. पुढे खाऱ्या हवेने पोलादाला गंज धरला आणि रंगकाम, डागडुजीचा ससेमिरा मागे लागला तो लागलाच. जहाजेही वाढत गेली. तेलवाहू जहाजाची गंमत अशी, की भरलेले असताना ते पाण्यात खोल बसते आणि रिकामे झाले की वर येते. तेल भरायला येणारे जहाज रिकामेच येणार, म्हणजे पुलाखालून जाताना ते सर्वाधिक उंच असणार. डिसेंबर 2015 मध्ये अमेरिकेने कच्च्या तेलाच्या निर्यातीवरची सुमारे चाळीस वर्षांची बंदी उठवली आणि त्याच महिन्याच्या शेवटच्या दिवशी ‘थिओ टी’ हे जहाज कॉर्पस क्रिस्टीतून तेल घेऊन निघाले. आज हे अमेरिकेतले सर्वांत मोठे कच्चे तेल निर्यात करणारे बंदर आहे.

मग जुनाच पूल वर उचलता आला नसता का? न्यूयॉर्कजवळच्या बेयॉन ब्रिजच्या बाबतीत तसे केले. तिथली कमान मुळातच खूप उंच होती, म्हणून रस्ता तिच्या पोटातच वर सरकवून 46 मीटरचे 65 मीटर केले. पण गंजाने बेजार झालेल्या, अरुंद पुलावर एवढा खर्च करण्यात अर्थ नसतो. नवाच बांधायचा म्हटल्यावर एक शहाणपणाचा निर्णय झाला: दोन्ही मनोरे जमिनीवर. मार्च 2024 मध्ये बाल्टिमोरला भरकटलेले मालवाहू जहाज पुलाच्या खांबावर आदळले आणि पूल पत्त्यांच्या बंगल्यासारखा खाली आला, हे आपण टीव्हीवर पाहिले. खांबच पाण्यात नसेल तर जहाज धडकणार कशावर? शिवाय उद्या जहाजांची वाट रुंद करायची झाली तरी पूल आड येत नाही. पण त्यासाठी अर्धा किलोमीटर लांब गाळा लागतो, आणि एवढ्या अंतरासाठी केबल-स्टेड पूलच परवडतो.

तिरकी केबल रस्त्याला वर ओढते, तशीच ती त्याला मनोऱ्याच्या दिशेने दाबतेही. दाब सोसणे हा काँक्रीटचा हातखंडा. म्हणून रस्त्याचे काँक्रीटचे पोकळ तुकडे एकापुढे एक जोडत, प्रत्येकाला केबलने मनोऱ्याशी बांधत पूल दोन्हीकडून पाण्यावर सरकत जातो. खाली टेकू लागत नाही, जहाजे चालू राहतात. कॉर्पस क्रिस्टीत केबल रस्त्याच्या दोन कडांना नाहीत, मधोमध आहेत. दिसायला सुरेख, पण एकाच बाजूला ट्रकांची रांग लागली तर रस्ता पिळवटू पाहतो आणि मधली केबल तो पीळ थोपवू शकत नाही. तो दोन जुळ्या पेट्यांसारख्या तुळयांनी आणि त्यांना सांधणाऱ्या त्रिकोणी काँक्रीट चौकटींनी सोसायचा.

नेमक्या याच चौकटींवरून पुढे रण पेटले. मार्च 2018 मध्ये मायामीत एका विद्यापीठाजवळचा पादचारी पूल बांधकाम चालू असतानाच कोसळला आणि सहा जण गेले. चौकशीत आराखड्यातल्या हिशेबाच्या चुका निघाल्या. आराखडा करणारी कंपनी तीच, जिच्याकडे हार्बर ब्रिज होता. टेक्सासच्या वाहतूक खात्याने तिला बाजूला केले, नवे अभियंते आले. त्यांचाही आराखडा खात्याने स्वतंत्र तज्ज्ञांकडून तपासून घेतला आणि पाया, त्रिकोणी चौकटी, बांधकामाच्या क्रेनचे वजन यांवर गंभीर आक्षेप निघाल्यावर जुलै 2022 मध्ये मुख्य पुलाचे काम पुन्हा थांबवले. 2020 मध्ये व्हायचा पूल 2025 वर गेला तो असा. विलंबाबद्दल खात्यावर टीका झाली. माझ्या मते मात्र या सगळ्या प्रकरणातली सर्वांत चांगली गोष्ट हा विलंबच आहे.

किंमत दुसरीकडे मोजली गेली. पूल उंच झाला की त्याचे पोहोचरस्ते लांबतात. पाच टक्के चढाने 62 मीटर गाठायला एका बाजूला सव्वा किलोमीटर लागतो. नव्या मार्गाने हिलक्रेस्ट या जुन्या कृष्णवर्णीय वस्तीला वेढले. रहिवाशांनी नागरी हक्कांच्या कायद्याखाली तक्रार केली, तेव्हा घरे विकत घेण्याचा करार झाला आणि अनेक कुटुंबे उठून गेली.

आणखी एक गोष्ट पुलाच्या कौतुकात हरवते. कच्च्या तेलाची महाकाय जहाजे जिथे भरतात ते इंगलसाइड हे ठिकाण खाडीच्या तोंडाशी, पुलाच्या बाहेर आहे. त्यांना पुलाखालून जावेच लागत नाही. 62 मीटरचा फायदा आतल्या धक्क्यांचा. तो किती वर्षे पुरेल हे जहाजबांधणी करणारे ठरवतील. बाल्टिमोरच्या कोसळलेल्या पुलाखाली 56 मीटर मोकळी जागा होती. तिथे येणाऱ्या नव्या केबल-स्टेड पुलाखाली ती 70 मीटर ठेवायचे ठरले आहे.