देवस्व आणि लंडनचें न्यायालय

देवास अर्पण केलेल्या वस्तूस आपल्या धर्मशास्त्रांत ‘देवस्व’ अशी संज्ञा आहे. राजवट बुडाली, पुजारी गेला, देऊळ ओस पडलें, तरी देवस्वावरील देवाचें स्वामित्व सुटत नाहीं, अशी आपली जुनी धारणा. ही धारणा एकदां लंडनच्या न्यायालयांत कसोटीस लागली. ती हकीकत सुज्ञ वाचकांपुढें आम्ही ठेवीत आहों.

तंजावर प्रांतीं पत्तूर या खेड्यांतील बाराव्या शतकांतील शिवालय मोडून पडलें होतें. १९७६ सालीं तेथें एका मजुरास जमीन खणतांना नटराजाची कांस्यमूर्ति सांपडली. ती या हातून त्या हातीं जात लंडनास पोंचली व १९८२ सालीं एका कॅनेडियन कंपनीनें विकत घेतली. दुरुस्तीसाठीं ब्रिटिश म्युझियममध्यें दिली असतां पोलिसांनीं ती ताब्यांत घेतली. तेव्हां भारत सरकार, तामिळनाडू सरकार आणि त्यांजबरोबर स्वतः देवालय व शिवलिंगरूपी महादेव हे हक्क सांगण्यास उभे राहिले!

अडचण होती ती पुराव्याची. मूर्ति शतकानुशतकें भूमिगत असल्यामुळें तिचें छायाचित्र कोठून असणार? म्हणून त्याच जागीं मागाहून निघालेल्या मूर्तींशीं तिची घडण, धातु, अंगास चिकटलेली माती, फार काय, वाळवीच्या खुणासुद्धां ताडून पाहाव्या लागल्या. १९८८ सालीं न्यायमूर्ति केनेडी यांनीं निकाल देवालयाच्या बाजूनें दिला. शिवलिंगही हक्क सांगण्यास पात्र असल्याचें त्यांनीं मान्य केलें. १९९१ सालीं अपील फेटाळलें गेलें आणि नटराज स्वदेशीं परतले.

तामिळनाडूंतीलच श्रीपुरंदान येथील नटराजाची गोष्ट निराळी. देवळांतून चोरलेली ही मूर्ति २००८ सालीं ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनानें सुमारें ५० लक्ष डॉलरांस घेतली. परंतु पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेनें १९९४ सालीं त्या देवळांतच तिचें छायाचित्र घेऊन ठेविलें होतें. तें पुढें येतांच मूर्तीची ओळख पटली व २०१४ सालीं ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनीं ती स्वतः दिल्लीस आणून परत केली.

म्हणून आमची विनंति इतकीच कीं, सुटींत आपल्या मूळ गांवीं गेल्यावर तेथील देवळांतील मूर्तींचीं छायाचित्रें घ्यावीं, उंची-रुंदी मोजावी, एखादा टवका वा भेग असल्यास तीही लिहावी आणि त्या टिपणाची एक प्रत देवस्थानच्या पंचांकडे द्यावी. साक्षीस वाळवी प्रत्येक वेळीं मिळेलच असें नाहीं.