एक किलो रेशीम, तीन हजार किलोमीटर

ताश्कंदचं उपयोजित कला संग्रहालय १९३७ साली सुरू झालं, तेही एका जुन्या हवेलीत. अलेक्झांडर पोलोव्त्सेव हा रशियन मुत्सद्दी तिचा मालक होता. भिंतींवरचं गचकाम आणि रंगवलेली लाकडी छतं त्याने उझबेक कारागिरांकडून करून घेतली. आज इथे सात हजारांहून अधिक वस्तू आहेत: रिश्तानची निळी-हिरवी मातीची भांडी, चुस्तच्या सुऱ्या आणि टोप्या, बुखाऱ्याचं जरीकाम, रेशमी भरतकाम, गालिचे. सात हजार हा आकडा ऐकून कुणी थक्क होणार नाही. पण यातली एकच वस्तू घेऊन तिचा हिशोब मांडायला बसलं की डोकं गरगरतं.

रेशमापासूनच सुरुवात करू. अंड्यातून निघालेली अळी अगदी चिमुकली असते. तुतीचा पाला खात आणि चार वेळा कात टाकत ती साधारण पंचवीस दिवसांत आपलं वजन दहा हजार पटींनी वाढवते. तीन किलोचं बाळ महिन्याच्या आत तीस टनांचं व्हावं, तसंच हे. मग दोन-तीन दिवस डोकं सतत हलवत ती स्वतःभोवती एकच अखंड तंतू गुंडाळते. हा तंतू सुमारे एक किलोमीटर लांब असतो. जालना-बीडकडच्या रेशीम शेतकऱ्यांना यात नवीन काही वाटणार नाही. फरगाना खोऱ्यातल्या बायकाही दर वसंतात घरातली खोली रिकामी करून तिथे अळ्या वाढवत आल्या आहेत.

आता वजन बघा. तीन हजार मीटर तंतूचं वजन जेमतेम एक ग्रॅम भरतं. म्हणजे एक किलो रेशमात तीन हजार किलोमीटर तंतू! मुंबई ते ताश्कंद हे हवाई अंतर सुमारे अडीच हजार किलोमीटर आहे. म्हणजे एक किलो रेशमातला तंतू सरळ ताणला, तर तो मुंबईहून ताश्कंदला पोचून वर पाचशे किलोमीटर उरेल.

चीन आणि भारताच्या पाठोपाठ उझबेकिस्तानात वर्षाला वीस हजार टनांहून अधिक कोष होतात. एका किलोत पाचशे ओले कोष धरले, तर ही संख्या एक हजार कोटींवर जाते. प्रत्येकी एक किलोमीटर तंतू धरला, तर एकूण लांबी हजार कोटी किलोमीटर. पृथ्वीपासून सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर आहे. हे अंतर एका वर्षाच्या रेशमाने सहासष्ट वेळा पार होतं. हा हिशोब मी पुन्हा पुन्हा करून पाहिला आहे.

पण मला त्याहून मोठी वाटते ती सुझानी. मुलीच्या लग्नासाठी घरातल्या बायकांनी भरलेलं हे कापड भिंतीवर टांगतात, पलंगावर पसरतात. हातमागाचं कापड अरुंद असतं, म्हणून पट्ट्या आधी कच्च्या टाक्यांनी जोडतात. नक्षी काढण्यात हात बसलेली बाई त्यावर मोठमोठी गोल फुलं आणि वेली रेखाटते. मग शिवण उसवून एकेक पट्टी वेगवेगळ्या बायकांना देतात. सगळ्या पट्ट्या भरून झाल्या की पुन्हा जोडतात. नीट पाहिलं तर जोडाशी फुलाच्या दोन अर्ध्या भागांची कड जुळत नाही, एका बाजूचा लाल दुसऱ्या बाजूपेक्षा गडद असतो. म्हणजे पाकळीचा हा भाग एका बाईने भरला आणि तो दुसरीने. सुझानीवर बहुधा कुणाचंच नाव नसतं. माणसांचा माग लागतो तो या जोडांवरच.

समजा, सुझानी दोन मीटर बाय अडीच मीटरची आहे. निम्मं कापड भरलेलं धरू: पंचवीस हजार चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला वीस टाके म्हटले, तर पाच लाख टाके. सराईत हाताचे मिनिटाला दहा टाके धरले, तर आठशे तासांवर काम. स्वयंपाक, मुलं, कापसाची वेचणी यांतून रोज दोन तास मिळाले, तर एकटीला वर्षाहून अधिक काळ लागेल. म्हणूनच मुलगी लहान असतानाच तिच्या हुंड्याच्या सुझानीला हात घालत. आणि हे एका सुझानीचं झालं, मुलीबरोबर पाठवायच्या मात्र अनेक.

गालिच्याचं गणित त्याहून सोपं आणि त्याहून कठीण. बारीक विणीच्या रेशमी गालिच्यात सेंटिमीटरला आडव्या दहा आणि उभ्या दहा गाठी असल्या, तर एका चौरस मीटरात दहा लाख गाठी होतात. प्रत्येक गाठ हाताने बांधलेली, प्रत्येक गाठीचा रंग नकाशाप्रमाणे निवडलेला. निष्णात हात दिवसाला आठ ते दहा हजार गाठी बांधतो. सहा चौरस मीटरचा गालिचा म्हणजे साठ लाख गाठी, एकटीला किमान सहाशे दिवस. मागावर तिघीजणी शेजारी शेजारी बसल्या आणि कुणाचाही हात अडला नाही, तरी दोनशे दिवस लागतात.