केजीच्या टीचरला नक्की काय थकवतं?

आज आयटी बाजूला, आज माझ्या ताईची नोकरी. ती ज्युनिअर केजीला शिकवते. मला वाटायचं, दुपारी एकला घरी, रात्री-अपरात्री सर्व्हर पडल्याचा फोन नाही, कसला आलाय ताण? तर म्हणाली, "पोरं नाही रे दमवत. दिवसभर हसून हसून गाल दुखतात."

याला नाव आहे, भावनिक श्रम. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ च्या 'द मॅनेज्ड हार्ट' पुस्तकात ते मांडलं, तेही विमानातल्या एअर होस्टेसचं काम बघून. हसू दोन प्रकारे येतं: नुसतं चेहऱ्यावर आणायचं, नाहीतर तसं मनातून वाटून घ्यायचं. नुसतं वरवरचं हसू माणसाला जास्त पोखरतं.

पण ताईचं हसू वरवरचं का झालं? डेसी आणि रायन हे मानसशास्त्रज्ञ सांगतात, माणसाला तीन गोष्टी लागतात: आपलेपणा, जमतंय ही जाणीव आणि स्वतः ठरवायची मोकळीक. पहिल्या दोन ताईकडे भरपूर. दोन आठवडे रडणारं पोर आता दप्तर टाकून तिला येऊन बिलगतं. अडतं तिसऱ्यावर. परवा पोरं मातीत मस्त रमली होती. तेवढ्यात ऑफिसातून निरोप, पालकांच्या ग्रुपवर फोटो हवेत. खेळ थांबवला, हात धुतले, सगळ्यांना "स्माईल" म्हणायला लावलं.

पगार कमीच आहे, तो मुद्दा वेगळा. पण ताईने राजीनामा टाइप करून मला शुद्धलेखन तपासायला पाठवलाय. त्यात पगाराचा शब्द नाही, मातीचा आहे. मी अजून तपासलेला नाही.