शब्दाचा विलंब की अवधानाचा कल?

आहारविकृतीने ग्रासलेल्या व्यक्तीचे अवधान अन्न, वजन व देहाकृती यांकडे विशेषत्वाने ओढले जाते, असे मानण्यात येते. रुग्णाच्या निवेदनावर विसंबून न राहता हा कल मोजावयाचा कसा? या प्रश्नाचे एक उत्तर जे. आर. स्ट्रूप यांच्या १९३५ सालच्या प्रयोगातून निघाले. ‘तांबडा’ हा शब्द निळ्या शाईत छापून केवळ शाईचा रंग सांगावयास लावल्यास शब्दाचा अर्थ आड येतो. स्ट्रूप यांच्या प्रयोगात १०० रंगीत चौकोनांचे रंग सांगण्यास सरासरी ६३.३ सेकंद लागले; अशा १०० शब्दांच्या शाईचे रंग सांगण्यास ११०.३ सेकंद लागले.

१९८० नंतरच्या दशकात हीच पद्धती आहारविकृतीच्या अभ्यासात आली. रंगवाचक शब्दांच्या जागी अन्नाचे व देहाचे शब्द ठेवण्यात येतात. तटस्थ शब्दांपेक्षा त्यांना जो अधिक वेळ लागतो, तो अवधानाचा कल समजला जातो.

परंतु विलंबाचे मूळ खुद्द शब्दातही असू शकते. लार्सन, मर्सर व बलोटा यांनी २००६ साली अशा भावनिक कसोट्यांतील शब्दसंच तपासले, तेव्हा भावनिक शब्द तुलनेच्या शब्दांहून सरासरीने लांब व कमी प्रचारातील आढळले. मग मोजले ते रुग्णाचे मन की शब्दाचे दुर्मिळपण?

मराठीत अशी कसोटी रचताना केवळ भाषांतर पुरेसे होणार नाही. ‘जाड’ हा शब्द देहाप्रमाणेच कापडालाही लागतो, ‘बारीक’ हा पिठालाही. आणि ‘वजन’ तर माणसाच्या शब्दालाही असते. शिवाय देवनागरीत शब्दाची लांबी ठरविताना अक्षरे, मात्रा व जोडाक्षरे या सर्वांचा विचार करावा लागतो. म्हणून दोन्ही संचांतील शब्द लांबी, प्रचार व अर्थक्षेत्र या तिन्ही दृष्टींनी तुल्यबळ असावेत. तेच शब्द निरोगी व्यक्तींनाही द्यावेत. आणि भुकेचाही परिणाम संभवत असल्याने शेवटचे जेवण केव्हा झाले, याची नोंद ठेवावी.

एवढी दक्षता घेतल्यावरही विलंबाचा अर्थ एकच नसतो. शब्दाने मन खेचले किंवा रुग्णाने तो टाळू पाहिला, तरी वेळ लागतोच. सबब केवळ या सेकंदांच्या आधारे कोणासही रुग्ण ठरविणे अथवा बरा झाला म्हणणे शास्त्रास धरून होणार नाही.