भाताचा पत्ता

बोईसरजवळच्या एका गावात शेतकऱ्याच्या मोबाइलवर निसवलेल्या भाताचा फोटो पाहिला. त्यात माणूस नव्हता, आभाळही नव्हतं. सोबत होते अक्षांश 19 आणि रेखांश 72 अंशांच्या पुढचे लांबलचक आकडे. "हे आकडे जुळले तरच सातबाऱ्यावर भात चढतो," ते म्हणाले. आपलं पीक आपल्याच जमिनीवर आहे, हे एवढ्या बारकाईने दाखवावं लागतं ही गोष्ट मनातून जाईना. म्हणून ई-पीक पाहणी, म्हणजे ॲपवरून होणारी पिकाची नोंद, चालू असतानाच पुन्हा गेले.

ज्यांना ॲप जमत नाही त्यांची पाहणी गावातलीच एक सहायक मुलगी करते. गट क्रमांक, पीक, क्षेत्र, सिंचनाचं साधन, लागवडीची तारीख हे ती चालता चालताच भरते. मग फोटो. "शेतापासून 50 मीटरच्या आत पाहिजे, ताई," तिने सांगितलं. रस्त्यावरूनही जमलं असतं, कारण पहिलं खाचर रस्त्याला लागूनच होतं. ती मात्र चपला हातात घेऊन बांधावर उतरली. "50 मीटरवरून भात काय आणि गवत काय, सगळं हिरवंच दिसतं."

बांधावर भाताच्या फुलोऱ्याचा ओला, किंचित गोड वास होता. वारा फिरला की त्यात तारापूर एमआयडीसीचा घशाला लागणारा वास मिसळे. ती नाकाला ओढणी लावून आकडे स्थिर व्हायची वाट पाहत राहिली. उघड्या खाचरात फोन चार-पाच मीटरपर्यंत नेमकी जागा सांगतो. चिकूच्या वाडीत, दाट पानांखाली, तो चुकू लागतो. अक्षांशातला दशांश चिन्हानंतरचा चौथा अंक एकाने बदलला, तर जागा सुमारे 11 मीटर सरकते; पाच वेळा सरकली की 50 मीटर संपले.

"इथे रेंज नाय, लोकेशन कसं येल?" एका काकांनी विचारलं.

"काका, लोकेशन सॅटेलाइटवरून येतं. रेंज पाठवायला लागते. फोटो आता काढू, रात्री नाक्यावर गेले की अपलोड करते."

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ही नोंद शेतकऱ्याने स्वतः करायची आहे. त्याआधी ती तलाठी करत, आणि शेत न पाहताच नमुना बारा भरला जातो ही तक्रार जुनी होती. आधारभूत दराने भात विकायला, पीककर्जाला, पुरानंतरच्या भरपाईला हीच नोंद लागते. त्यामुळे शेतापर्यंत जायला लावणारा हा नियम मला योग्य वाटतो. मुंबईला गेलेल्या मुलाने व्हॉट्सॲपवर आलेला फोटो जोडून भागत नाही. साधा फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवला की त्यातले अक्षांश-रेखांश गळून जातात. याच तालुक्यात अणुऊर्जा केंद्राच्या कुंपणापाशी फोटो काढायला मनाई आहे, आणि इथे फोटोशिवाय पीक मोजत नाहीत.

पण फोनला सगळं कळतं असं नाही. एका गटावर चुलत भावंडांची बरीच नावं होती. खाचरं आपसात वाटलेली, नकाशात मात्र गट अखंड. कुठेही उभं राहिलं तरी जागा बरोबरच दाखवणार. एक खाचर ओस होतं. ज्याच्या वाट्याचं ते, तोच शेजारच्या भाताकडे बोट दाखवून "इथलाच काढ" म्हणाला. तिने फोन खाली घेतला, शेजारच्या भावाला हाक मारली. तो येईपर्यंत ती चिखलात उभी होती. मग भात त्याच्या नावावर लागला आणि ओस खाचर पड म्हणून नोंदलं गेलं.

ॲपच्या लेखी दोन्ही फोटो 50 मीटरच्या आतलेच. पोटहिस्से मोजून नकाशावर येत नाहीत तोवर ही पारख तिलाच करावी लागणार. म्हणून तिचा मेहनताना ठरवताना नुसते फोटो मोजू नयेत. हाक मारून शेजाऱ्याला बोलावण्यात गेलेला वेळही त्यात धरायला हवा.