गाडीवरून ओट्यावर

साठ वर्षांपूर्वीच्या मराठी मध्यमवर्गीय घरात भेळ, पाणीपुरी, मिसळ हे ‘बाहेरचे’ पदार्थ होते आणि त्यांनी बाहेरच राहावे असे घरातल्या वडीलधाऱ्यांचे मत होते. चौपाटीवर गेले तर भेळ, एस.टी. थांबली तर वडा नाहीतर मिसळ, एवढाच संबंध. घरी मधल्या वेळी पोहे, सांजा, थालीपीठ, नाहीतर डब्यातला चिवडा. आज त्याच घरांच्या फ्रीजमध्ये एक गोड आणि एक तिखट अशा दोन चटण्या बारमाही असतात, आणि ‘रविवारी काय करू?’ असे विचारले की मुलांचे उत्तर पावभाजी हे ठरलेले. एकेक पदार्थ घरात आला तो त्याला लागणारे भांडे, यंत्र, जाळ किंवा मनाची तयारी घरात आल्यावर. कोणता आधी आला आणि कोणता इतका उशिरा का आला, हे बघत गेले की आपल्या स्वयंपाकघरात काय काय बदलले तेही कळत जाते.

भेळ सर्वांत आधी आली, कारण तिला चूलच लागत नाही. कुरमुरे, शेंगदाणे, डाळे घरात असतच. शेव-फरसाण दुकानातून आणायचे, कांदा-कोथिंबीर चिरायची, कैरीचे दिवस असतील तर कैरी. अडायचे ते चटणीपाशी. पाट्यावरची चटणी कितीही निगुतीने वाटली तरी जाडसर राहते. पानात डावीकडे वाढायला ती उत्तम, पण कुरमुऱ्याला लपेटून बसायला गाडीवरची पातळ, गंधासारखी चटणी लागते. ते काम मिक्सरने केले. सत्यप्रकाश माथुर यांनी आपल्याकडच्या वाटणांचा विचार करून बनवलेला ‘सुमीत’ साठच्या दशकात बाजारात आला आणि पुढच्या वीसेक वर्षांत घरोघरच्या ओट्यावर बसला. पाठोपाठ फ्रीज आला. चिंच, गूळ, खजूर एकत्र उकळून, गाळून केलेली चटणी आता आठ-पंधरा दिवस टिकू लागली आणि भेळ हा आधी न ठरवता करायचा पदार्थ झाला. एक गोष्ट मात्र गाडीवाल्याकडून अजून आपण नीट उचललेली नाही. तो एका गिऱ्हाइकापुरतीच भेळ कालवतो आणि लगेच हातात देतो. आपण दहा जणांची परातभर कालवतो, आणि शेवटच्या माणसापर्यंत पोचेतो कुरमुरे मऊ पडलेले असतात.

वड्याची गोष्ट वेगळी आहे. बटाट्याची पिवळी भाजी आपलीच, बेसनाचे पीठ आपलेच, बटाटेवडा सणासमारंभाच्या पंगतीतही होता. घराबाहेरचा होता तो पाव. विहिरीत पावाचा तुकडा टाकून गावे बाटवल्याच्या कथा वसई-गोव्याकडून ऐकत मोठ्या झालेल्या पिढीला पाव म्हणजे परक्याच्या भट्टीतली वस्तू वाटे. पुष्कळ घरांत तो फक्त आजाऱ्याला, दुधात बुडवून दिला जाई. १९६६च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर वडा आणि पाव एकत्र आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. गिरणीत पाळीवर जाणाऱ्या माणसाला ते उभ्याउभ्या, एका हातात धरून खाता येई, आणि पोटही भरे. १९८२च्या जानेवारीत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, तो लांबत गेला आणि हजारो घरांचा पगार बंद झाला. तेव्हा कित्येक कुटुंबांनी वडापावची गाडी लावून दिवस काढले. त्या गाड्यांचा माल चाळीतल्या खोलीतच तयार होई. बटाटे तिथे उकडायचे, लसूण-खोबऱ्याची चटणी तिथेच कुटायची. म्हणून वडापाव रस्त्यावरून घरात आला असे नुसते म्हणणे मला पुरेसे वाटत नाही. त्यातला अर्धा भाग घरातूनच, बायकांच्या हातून, रस्त्यावर गेला होता.

घरचा वडा तेलकट होतो ही तक्रार सगळीकडे ऐकू येते, आणि दोष सोड्याला दिला जातो. खरे कारण कढईत आहे. गाडीवरच्या कढईत तेलच इतके असते की दहा-पंधरा गोळे एकदम सोडले तरी ते निवत नाही. आपल्या लहान कढईत फ्रीजमधून काढलेल्या गार सारणाचे सहा वडे टाकले की तेलाचा ताव उतरतो, आणि पीठ चटकन आवळून येण्याऐवजी तेल पीत बसते. सारण फ्रीजमधले नको, तीनच वडे एका वेळी, पिठात कडकडीत तेलाचे चमचाभर मोहन आणि दोन चमचे तांदळाची पिठी, एवढे सांभाळले तर घरचा वडा गाडीवरच्याच्या तोडीस उतरतो. शेवटी पिठाचे थेंब तेलात पाडून चुरा तळून घ्यायला विसरू नये. तो चुरा चटणीत मिसळल्याशिवाय मुंबईची चव येत नाही.

पावभाजीने पावाची उरलीसुरली अढी घालवली. तिलाही मुंबईच्या कापसाच्या आणि गिरण्यांच्या धंद्याने वाढवले असे सांगतात. रात्री उशिरा सुटणाऱ्या माणसांना झटपट, गरम काहीतरी हवे होते. घरात ती आली ती कुकरमुळे. हॉकिन्स आणि प्रेस्टीज हे दोन्ही कुकर १९५९चे, पण घरोघरी पोचायला त्यांना बराच काळ लागला. बटाटे, फ्लॉवर, मटार तीन शिट्ट्यांत शिजू लागले आणि तयार मसाल्याची पाकिटे मिळू लागली, तेव्हा पावभाजी वाढदिवसाचा मेन्यू झाली. ऐंशी-नव्वदच्या दशकांत वाढलेल्या कोणत्याही मराठी मुलाला विचारा: केक, वेफर्स आणि पावभाजी. पोरांची पंगत बसवायला याहून सोयीचे काही नव्हते, आणि एरवी फ्लॉवरकडे न बघणारी मुले मुकाट्याने फ्लॉवर खात होती!

पण कुकरने जे दिले त्यातच चव अडकली. गाडीवरचा तवा हातभर रुंद, जाड आणि तापलेला असतो. भाजी त्यावर पसरली की पाणी उडून जाते, कडेला ती किंचित करपते, मग ती खरवडून पुन्हा मध्ये ओढायची, वर लसूण-मिरचीचे वाटण आणि लोणी घालायचे, पुन्हा रगडायची. खरपूसपणा त्या कडेतून येतो. कुकरमधल्या भाजीत सगळे पाणी आतच राहते आणि उसळीच्या जवळ जाणारे काहीतरी तयार होते. मसाला कितीही वाढवला तरी ते भरून निघत नाही. भाज्या अगदी कमी पाण्यात शिजवाव्यात आणि शेवटची वीस मिनिटे लोखंडी तव्यावर थोडी थोडी भाजी घेऊन परतावी, हे मला फार उशिरा, एका गाडीवाल्याच्या हाताकडे बघत उभी असताना कळले. कोणत्याही पाककृतीत ते इतके स्पष्ट लिहिलेले वाचले नव्हते.

त्या काळातल्या पुस्तकांचा तो दोष नव्हे. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१०चे, कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ १९७०चे. ती घरच्या स्वयंपाकाला माप आणि शिस्त देणारी पुस्तके, आणि ‘रुचिरा’ने लग्न होऊन नव्या घरात गेलेल्या किती मुलींना हात दिला याची गणती नाही. पण गाडीवरची कला हाताची आहे, ती बघूनच शिकायची. १९९३ मध्ये झी टीव्हीवर संजीव कपूर यांचा ‘खाना खजाना’ सुरू झाला आणि घरबसल्या हात दिसू लागला. नंतर झी मराठीवर ‘आम्ही सारे खवय्ये’ आले. पुढे यूट्यूबवर मधुरा बाचल यांच्यासारख्यांनी साध्या मराठीत, वाटी-चमच्याच्या मापाने सगळे करून दाखवले. व्हिडिओ थांबवता येतो, मागे नेता येतो, ही सोय शिकणाऱ्याला फार मोठी आहे. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींचा तर तो आधारच झाला. तिकडे गाडीही नाही आणि बेकरीतली पावाची लादीही नाही, म्हणून गोडसर डिनर रोलमध्ये वडा घालून त्यांनी आपली हौस भागवली आणि मुलांना चव लावली.

मिसळीबद्दल थोडेच सांगते. मटकीची उसळ घरात रोजचीच, फरसाण डब्यात असते, तरी घरची मिसळ मिसळ वाटत नाही, कारण कट करताना आपण तेलाला हात आखडता घेतो. कांदा-खोबरे काळपट होईतो भाजून, तेल सुटेपर्यंत परतल्याशिवाय तर्री वर येत नाही. कोल्हापूर, पुणे, नाशिक यांच्यात कटाच्या रंगावरून आणि तिखटपणावरून कितीही वाद असोत, या मुद्द्यावर तिघांचे एकमत आहे. महिन्यातून एकदाच करा, पण तेल घालून करा.

पाणीपुरी सर्वांत शेवटी आली. पाणी अवघड नव्हते: पुदिना, कोथिंबीर, मिरची, काळे मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिंच. रगडाही जमे. अडत होती पुरी. रवा घट्ट भिजवून ओल्या फडक्याखाली मुरू द्यायचा, लाटी पातळ आणि सगळीकडे सारखी लाटायची, तेल चांगले तापलेले, आणि टम्म फुगल्यावर जाळ कमी करून आतला ओलावा पुरता जाईतो तळायची. जरा घाई झाली की तासाभरात पुरी मऊ. त्यामुळे बहुतेकांनी तयार पुऱ्यांची पिशवी आणली, आणि त्यात वावगे काही नाही. गाडीवाले तरी कुठे सगळे स्वतः तळतात! मग २५ मार्च २०२० पासून देश बंद झाला. गाड्या उठल्या, फरसाणची दुकाने बंद झाली, आणि ज्यांनी आयुष्यात पुरी लाटली नव्हती तेही रवा भिजवून बसले. कित्येक ठिकाणी यीस्ट मिळेनासे झाले, तर दही-सोड्यावर पाव भाजले गेले. घराघरांत जिद्दीने हे पदार्थ झाले आणि त्यांचे फोटो एकमेकांना धाडले गेले. त्याच महिन्यांत गाडीवाल्यांच्या घरात चूल कशी पेटत होती, हा विचार त्या फोटोंच्या गर्दीत फारच थोड्यांनी केला, हे लिहिताना वाईट वाटते.

घरचे म्हणजे स्वच्छ आणि पचायला चांगले, असे आपण धरून चालतो. पाण्याच्या बाबतीत ते खरे आहे. तेलाच्या बाबतीत जरा तपासून पाहावे. तळणाच्या तेलातले पोलर घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचे नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू झाला. तो व्यावसायिकांसाठी आहे. आपण मात्र वडे तळून उरलेले तेल गाळून ठेवतो, त्यात पुऱ्या तळतो, पुन्हा गाळतो. गाडीवाल्याला लावतो तो नियम स्वतःच्या कढईलाही लावला पाहिजे.

या साठ वर्षांत गाडीवरचे जवळजवळ सगळे घरात आले. कामाची वाटणी तेवढी आली नाही. गाडीवाला एकच पदार्थ करतो, बहुधा दोन माणसे मिळून करतात, आणि त्याचे पैसे मिळतात. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, ते गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांचे रांधणे हे काम आहे, त्याला कर्ज आणि किंमत मिळाली पाहिजे, या आग्रहातून. घरच्या पावभाजीच्या संध्याकाळी काय होते? सगळे गरमागरम खातात आणि एक बाई तव्यापाशी उभी राहून प्रत्येकाचे पाव लोण्यात शेकत असते. ती बसते तेव्हा भाजी निवलेली असते आणि लादीतले दोन पाव उरलेले असतात. वड्यांचे तेच, पाणीपुरीचे तर त्याहून जास्त, कारण ती ज्याची त्याला एकेक करून हातात द्यावी लागते.

म्हणून पुढच्या वेळी घरात असा बेत ठरेल तेव्हा तव्यापाशी पाळ्या लावा. पाव शेकायला, पुऱ्या फोडून भरायला घरातल्या पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी उभे राहावे, आणि जिने सकाळपासून तयारी केली तिला पहिली, गरम प्लेट द्यावी.